माझ्या नावाची सव्वा मूठ

त्या पावसाळ्यात माझं तोंड जितक्या लोकांनी हुंगलं, तितक्यांनी माझं बोलणं उभ्या जन्मात ऐकलं नसेल. बायकोने हुंगलं, मुलाने हुंगलं, समोरच्या लाइनीतल्या जुन्या दोस्ताने तर मिठी मारायच्या निमित्ताने नाक पार ओठांना आणून टेकवलं. वास कुणालाच आला नाही. तरी मी पितो याबद्दल कुणालाच शंका उरली नाही. हे मी सकाळचं लिहितो आहे. संध्याकाळी लिहायला बसलो तर ओळीवर ओळ चढते, एका अक्षराची दोन होतात आणि डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली येते. ती का येते हे आता सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या सगळ्या सोसायटीला पाठ आहे. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण अंदाज मात्र प्रत्येकाच्या खिशात तयार होता.

मी पूर्वी प्यायचो, हे खरं आहे. ते झाकायचं काही कारण नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणजे दारू मिळते पण प्लास्टिकच्या पिशवीत मिळते आणि तिला पोटली म्हणतात. पगार झाला की आम्ही चार दोस्त भुसावळकडच्या गाडीत बसून नवापूरला उतरायचो. ते स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. फलाटाच्या एका टोकाला जो गुन्हा, तो दुसऱ्या टोकाला धंदा. आम्ही दुसऱ्या टोकाला जाऊन यायचो आणि येताना खिडकीला डोकं लावून झोपायचो. घरी बायको दार उघडायची आणि बोलायची नाही. तिचं न बोलणं मला तेव्हापासून ओळखीचं आहे.

मग एका श्रावणात मी कानबाईसमोर नारळावर हात ठेवून शपथ घेतली. ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही आम्हा खान्देशी लोकांची देवी. श्रावणातल्या रविवारी घरात बसवायची, रात्रभर तिची गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. आम्ही धुळ्याकडून सुरतेला आलो तेव्हा भांडीकुंडी मागे राहिली, कानबाई मात्र बरोबर आली. तिच्यासाठी रोट करतात, म्हणजे गव्हाच्या जाड गोड भाकऱ्याच. त्याचे गहू आधीच मोजून ठेवायचे असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. घरातली मोठी बाई नाव घेते आणि मूठ टाकते. हे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर वाटायचे नाहीत आणि टाकायचे तर मुळीच नाहीत.

शपथेनंतर नऊ वर्षं मी थेंबाला शिवलो नाही. त्याबद्दल कुणी पाठ थोपटली नाही आणि मीही पाठ पुढे केली नाही. माणूस पितो तेव्हा गावभर बोभाटा होतो, सोडतो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. मला वाटायचं, निदान घरात तरी जमा झालं असेल. ते किती जमा झालं होतं ते पुढे कळलं.

पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात मी रंगाच्या गोदामात कामाला होतो. डब्यातून रंगाची भुकटी काढायची, काट्यावर तोलायची, बादलीत घालून आत पाठवायची. तोंडाला रुमाल बांधायचो, तरी थुंकी कधी निळी निघायची, कधी पिवळी. घरी आंघोळीचं पाणी बारमाही होळी असल्यासारखं वाहायचं. त्यामुळे लघवी लाल झाली तेव्हा मी घाबरलोच नाही. त्या आठवड्यात मरून रंगाच्या साड्यांची मोठी ऑर्डर होती. मुतारीत शेजारी उभा असलेला गडी वाकून बघत म्हणाला, "भाऊ, तुमचा तर मरून चालला." आम्ही दोघंही हसलो. ऑर्डर संपली, निळा माल सुरू झाला, तरी माझा मरूनच चालला होता, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. रंगामुळे की बिडीमुळे, ते सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मी दोन्ही भरपूर ओढलं होतं, एक पगार घेऊन आणि एक पगार देऊन. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, लघवीच्या पिशवीत औषध सोडलं, वर्षभर बरं गेलं. मग ती परत आली आणि या वेळी खोल रुतली. मोठ्या ऑपरेशनला माझं हृदय तयार नव्हतं, केमोला मूत्रपिंडं तयार नव्हती. उरली ती इम्युनोथेरपी. दर तीन आठवड्यांनी एक सलाइन. ते औषध आमच्या ऐपतीतलं नव्हतं. मुलगा कापड मार्केटमध्ये नोकरीला आहे, त्याच्या शेठच्या ओळखीने एका ट्रस्टने ते देऊ केलं.

डॉक्टर माणूस चांगला, हसतमुख. म्हणाला, "काका, आ केमो नथी. केस नाही जाणार, उलट्या नाही होणार. तुमच्या अंगातले शिपाई झोपले आहेत, त्यांना फक्त उठवायचं आहे." मला ते फार आवडलं. जन्मभर पोलिसांना टाळत आलो आणि आता अंगातच चौकी बसणार म्हणून मी घरी येऊन विनोदही केला. सिस्टरने मुलाला बजावून सांगितलं होतं की काहीही नवीन वाटलं, दम लागला, जुलाब झाले, डोळ्यांचं, हातापायांचं काही झालं, तर लगेच कळवायचं. मुलाने मान हलवली. त्याची मान फार सहज हलते.

दुसऱ्या सलाइननंतर आठवडाभरात एका संध्याकाळी मी चहा बशीत ओतला. मला बशा दोन दिसल्या आणि चहा गेला दोन्हींच्या मधोमध, मांडीवर. बायकोने फडक्याने पुसलं आणि पुसताना दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी आहे का ते. मी भाजलो की नाही हे तिने विचारलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की वारा कुठून वाहतो आहे.

मग रोजचंच झालं. सकाळी मी ठणठणीत. पेपर वाचायचो, खालून पाणी आणायचो, बोलणं खणखणीत. दुपारनंतर पापण्या जड व्हायच्या, दिवेलागणीला जीभ जाड व्हायची आणि जेवायच्या वेळेला माझा आवाज नाकातून यायचा. भाकरी चावता चावता जबडा असा थकायचा की हनुवटीला हाताचा टेकू देऊन चावावं लागायचं. एक डोळा मिटला की दोनाचं एक दिसायचं, म्हणून रस्त्याने मी एक डोळा मिटून चालायचो. त्यावरून मागच्या गल्लीतल्या दोन बायकांनी घरी येऊन तक्रार केली की भाऊ या वयात डोळा मारतात.

आता तुम्हीच सांगा. सकाळी सज्जन, संध्याकाळी जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले, पाय इकडे तिकडे, बायांना डोळा मारतो. आणि जुना पिणारा. दुसरं कुणी काय म्हणणार? सोसायटीने जे म्हटलं त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार घरच्यांबद्दल आहे.

एका संध्याकाळी मी डेअरीवरून दूध घेऊन आलो. जिना चढता चढता पाय मेणाचे झाले, दारात मी चौकटीला धरून उभा राहिलो. बायको समोर आली.

"पीसन उनात ना?"

"दूध आणायला गेलो होतो. हे काय, पिशवी बघ." हे मी म्हणालो, पण तिला ऐकू आलं असेल ते वेगळंच, कारण माझ्या तोंडातून नुसता भात शिजत होता.

"तोंड उघाडा."

मी उघडलं. लग्नाला एवढी वर्षं झालेली बाई नवऱ्याच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगते, आणि ते प्रेमाने नाही, यासारखी लाज नाही. तिने दोनदा हुंगलं.

"येतो वास?"

"आते वास नही येस तशी बी भेटस म्हने," ती म्हणाली आणि दुधाची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

यावर कुठलाही माणूस काय उत्तर देईल? वास आला तर गुन्हेगार, नाही आला तर बिनवासाची पितो म्हणून जास्तच गुन्हेगार. मी म्हणालो, "मी पिधी नही. कानबाईनी आन." तिने झटकन कानांवर हात ठेवले. देवीची शपथ मी खोटी घेतो आहे आणि ती ऐकण्याचं पाप तिला लागेल, ही तिची भीती. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं. पाण्याच्या माठाशी बोलायची, भिंतीशी बोलायची: "जेवण वाढलं आहे म्हणावं." तिला माझ्या कॅन्सरपेक्षा देवीच्या कोपाची भीती जास्त होती, आणि तो कोप माझ्यावर नाही, पोरावर पडेल याची.

जुना दोस्त मात्र खूश होता. नवापूरच्या गाडीतला हा शेवटचा उरलेला गडी. त्याने मला गाठलं, मिठी मारली, नाक चालवलं आणि म्हणाला, "काय भो, परत सुरू का? मग एकटा एकटा कसाले?" मी नाही म्हणालो. तो खदखदून हसला. पिणाऱ्याने नाही म्हणणं हे त्याला तोंडपाठ होतं.

तिसऱ्या सलाइनच्या आधी डॉक्टरकडे गेलो. नंबर नेहमीप्रमाणे सकाळचा. मी व्यवस्थित भांग पाडून, दोन्ही डोळे उघडे ठेवून खुर्चीत बसलो. डॉक्टरने विचारलं, "काका, कोई नई तकलीफ?"

मी म्हणालो, "साहेब, संध्याकाळी पापण्या पडतात. जीभ जड होते. एकाचे दोन दिसतात."

मुलाने टेबलाखाली माझा गुडघा दाबला आणि मोठ्याने हसला. "अरे सर, पप्पा शाम को बैठे बैठे सो जाते हैं. उमर हो गई." डॉक्टरही हसला. टॉर्च मारून डोळे पाहिले. सकाळच्या दहाला माझे डोळे शाळेतल्या पोरासारखे टवटवीत होते. "अभी तो एकदम बढ़िया है," तो म्हणाला आणि बाहेरच्या पेशंटला हाक गेली. तासाभरात सलाइन हातात शिरलं. झोपलेल्या शिपायांना आणखी एक हाक.

परत येताना रिक्षात मी मुलाला म्हणालो, "मला बोलू का दिलं नाहीस?"

"पप्पा, ट्रस्टवालों को पता चला ना, तो दवा बंद. और इधर दारू का नाम निकला तो पुलिस का लफड़ा अलग. मैं आपके लिए ही कर रहा हूँ."

"मी पीत नाही."

"हाँ, पप्पा."

ते "हाँ, पप्पा" माझ्या कानात अजून आहे. लहान पोर म्हणतं मी वाघ मारला, तेव्हा आपण जसं हो बाळा म्हणतो, तसं. पोरगा वाईट नाही. त्याने माझ्यासाठी लोकांच्या हातापाया पडून औषध मिळवलं. पण माझा जीव वाचवायला तो माझं खोटं झाकत होता, आणि खोटं मी बोललोच नव्हतो. झाकलं गेलं ते दुखणं.

आता शहाणे लोक मला विचारतात, तुम्ही स्वतः फोन का नाही केला? केला होता. संध्याकाळी केला, कारण त्रास संध्याकाळी व्हायचा. हॉस्पिटलच्या नंबरवर जो कुणी होता त्याने माझं बोलणं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि "सुबह बात करना, काका, अभी सो जाओ" म्हणून फोन ठेवला. सकाळी केला असता तर आवाज इतका स्वच्छ लागला असता की त्याने विचारलं असतं, मग तक्रार काय आहे? माझ्या दुखण्याने वकिलाची अक्कल घेतली होती. साक्षीला उभं राहायच्या वेळी ते हजरच नसायचं.

चौथं सलाइन झालं आणि श्रावण लागला.

गहू मोजायच्या दिवशी बायको न्हाऊन आली, पाटावर परात ठेवली, गावाहून आलेलं गव्हाचं पोतं उघडलं. आमच्या घरात पुरुष तीन धरतात: मी, मुलगा आणि माझ्या मेलेल्या भावाचा मुलगा, जो कडोदऱ्याला लूमवर असतो. नेहमीचा क्रम असा की पहिली मूठ माझ्या नावाची. मी दाराशी खुर्चीत बसून बघत होतो. तिने मुलाचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ टाकली. पुतण्याचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ टाकली. मग परातीवर फडकं घातलं आणि पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

"माझी?" मी विचारलं.

कित्येक आठवड्यांनी ती माझ्याशी सरळ बोलली. "देवीले फसाडनं नही माले."

दुपारची वेळ होती, माझी जीभ अजून चालत होती. मी बरंच काही बोलू शकलो असतो. पण मला एवढंच सुचलं की भाऊ गेला त्या वर्षी याच परातीत त्याची मूठ पडायची थांबली होती. मूठ मेलेल्या माणसाची थांबवतात. मी खुर्चीत बसलेलो होतो आणि श्वास घेत होतो. कॅन्सर झाला हे कळलं त्या दिवशी मी रडलो नव्हतो. त्या दुपारी रडलो, आणि माझे डोळे तसेही अर्धे मिटलेले असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी कानबाई बसली. लाइटच्या माळा, स्पीकर, दारात चपलांचा ढीग, बायांची गाणी. दिवे लागल्यावर पंगत बसली, ताटांत रोट, दूध, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. मला कुणी बोलावलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. मी मुलाच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्याच्या ताटातला रोट मोडून घास तोंडात घातला. भूक नव्हती. मला फक्त तो रोट खायचा होता. सगळ्यांसमोर, देवीसमोर. खोटा असेन तर तिने बघून घ्यावं, असा माझा हट्ट होता.

देवीने काही केलं नाही. जबड्याने केलं. दोन वेळा चावला आणि तो उघडाच राहिला. घास घशाशी गेला आणि तिथेच बसला. दूध प्यायला गेलो तर ते नाकातून बाहेर आलं. मान पुढे गळाली, ती उचलता येईना. मागून कुणीतरी म्हणालं, "आजना दिन बी सोडा नही या माणूसनी." मी ते नीट ऐकलं. कान शेवटपर्यंत चांगले होते. मग श्वास अर्ध्यावर अडकायला लागला आणि मुलाने पाठीवर थापा मारल्या, घास बाहेर पडला, तरी श्वास काही पुरा येईना. तेव्हा त्याने मला उचलून रिक्षात घातलं. बायको सणाच्या साडीतच शेजारी बसली.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. मुलाने तिला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "मॅडम, दारू पीधी छे." एवढे दिवस तो जे लपवत होता, ते त्याने शेवटी हिंमत करून कबूल केलं, आणि ते खोटं होतं.

तिनेही माझं तोंड हुंगलं. ती शेवटची. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "किसने बोला पी है?" तिने बोट उंच धरलं. "काका, ऊपर देखो. देखते रहो." मी बघत राहिलो. वीस-तीस आकडे मोजेपर्यंत दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या, पडदा पडावा तशा. ती पळत गेली आणि रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरून घेऊन आली. तो मोजा तिने माझ्या डाव्या पापणीवर धरला. दारूबरोबर बर्फ लागतो, एवढाच बर्फाचा उपयोग आमच्या माणसांना ठाऊक. बायको पायाशी उभी राहून बघत होती. दोनेक मिनिटांनी डॉक्टरणीने मोजा काढला.

डावा डोळा उघडला. टक्क उघडला. उजवा तसाच मिटलेला.

त्या एका डोळ्याने मी बायकोचं तोंड पाहिलं. माझ्या शपथेने जे झालं नाही ते मूठभर बर्फाने केलं.

डॉक्टरणीने विचारलं कुठली औषधं चालू आहेत. मुलाने सलाइनचं नाव सांगितलं, तशी ती फोनकडे धावली. परत आल्यावर तिने समजावलं की हे त्या औषधाने होतं. फार क्वचित होतं, पण होतं. शिपाई जागे झाले ते गाठीवर तर गेलेच, पण वाटेत नसांचा निरोप स्नायूंनी घ्यायची जी जागा असते तिच्यावरही तुटून पडले. स्नायू शाबूत, नस शाबूत, मधला निरोपच पोचत नाही. सकाळी विश्रांतीने थोडा पोचतो, दिवसभर वापरून संपतो. आता तो छातीच्या स्नायूंनाही पोचेनासा झाला आहे. आपल्याकडे म्हणतात तसं, कुंपणानेच शेत खाल्लं. हे मी शरीराबद्दल म्हणतो आहे. घराबद्दल वाचायचं असेल त्याने खुशाल तसं वाचावं.

"कब से है यह?" तिने विचारलं.

"दो महीने," मुलगा म्हणाला.

"और डॉक्टर को बताया नहीं?"

त्यावर मात्र त्याची मान हलली नाही.

मला अतिदक्षता विभागात नेऊन घशात नळी घातली. डोळे उघडता येत नव्हते, बोलता येत नव्हतं, हात उचलत नव्हता, पण मी पूर्ण जागा होतो. लोकांना वाटतं मिटलेल्या डोळ्यांमागे कुणी नसतं. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात या दुखण्याचा पुरावा सापडला, आणि मग माझी माणसं एकेक करून माफी मागायला यायला लागली. मुलगा रडला. पुतण्या कडोदऱ्याहून येऊन पायाशी उभा राहिला. बायको माझा हात हातात धरून म्हणाली, "मन्हं चुकनं. बोला ना काही तरी." बोला म्हणे! घशात नळी आहे, आणि बोला. तोंड मोकळं होतं तेव्हा मी दोन महिने बोलतच होतो. त्या वेळी मला माफ करायचं नव्हतं आणि नाही म्हणायचीही सोय नव्हती. माझ्या गप्प राहण्याचा तिने होकार धरला असावा, कारण ती डोळे पुसून, हलकी होऊन बाहेर गेली.

नळी निघाली. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं औषध शिरेतून दिलं, स्टेरॉइडने तोंड सुजलं, दिवसभराच्या गोळ्या लागल्या त्या अजून आहेत. मी वाचलो. डॉक्टर भेटायला आला तेव्हा हसतमुख नव्हता. म्हणाला, सुरुवातीला कळलं असतं तर तेव्हाच औषध थांबवलं असतं, बहुधा इतक्यावर आलंच नसतं. आता ते सलाइन मला पुन्हा कधीच देता येणार नाही. गाठ सध्या आहे तिथे आहे. पुढचं काय, म्हटलं तर तो म्हणाला, "देखेंगे." मी तेही समजतो.

जुना दोस्त डाळिंबं घेऊन घरी आला. जाताना म्हणाला, "मला वाटलं होतं, सोबत मिळाली." मी प्यायलो नव्हतो याचं खरं दुःख झालेला तो एकटाच माणूस. त्याच्यावर मात्र माझा राग नाही.

घरात सगळे आता माझ्यावर विश्वास ठेवतात. इतका ठेवतात की उबग येतो. मी म्हटलं पाणी कोमट आहे तर दोघंही पेल्यात बोट घालतात. पाहुण्यांना बायको स्वतः सांगते की त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता, डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे. डॉक्टरांनी तपासून! मी सांगितलं होतं ते ती सांगत नाही.

यंदाचा श्रावण लागला. परवा ती न्हाऊन आली, परात पाटावर ठेवली, पोतं उघडलं. मी दाराशी त्याच खुर्चीत. दुपार कलली होती आणि मला दुहेरी दिसायला लागलं होतं. तिने पहिलं नाव माझं घेतलं, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असं. सव्वा मूठ टाकली. मग मुलाची, मग पुतण्याची. मग जरा थांबून तिने पुन्हा पोत्यात हात घातला, ओठांतल्या ओठांत माझं नाव घेतलं आणि आणखी सव्वा मूठ वेगळी काढून माझ्या मुठीला लागून ठेवली.

मला वाटलं एकाचं दोन दिसतं आहे. मी एक डोळा मिटला. मुठी दोनच राहिल्या.

"ही कसली?" मी विचारलं.

ती वर न बघता म्हणाली, "मांगला सालनी."

मागच्या सालची. ती मोठ्या मनाने देत होती, हे मला दिसत होतं. रात्र रात्र विचार करून तिने हा मार्ग काढला असणार. पण रोट टाकायचा नसतो, तो संपवावा लागतो, आणि मला आता तो दुधात कालवून, हनुवटीला टेकू देऊन, अर्धा तास लावून गिळावा लागतो. एका मुठीचा कसाबसा जाईल. मागच्या वर्षीचा मी आता कुठून गिळू?

मी खुर्चीतून उठलो, खाली वाकलो, ती दुसरी मूठ ओंजळीत घेतली आणि पोत्यात परत टाकायला गेलो. पोत्याची तोंडं दोन दिसली. अर्धे गहू पोत्यात पडले, अर्धे फरशीवर पसरले. ती पदर खोचून खाली बसली आणि कपाटाखाली, पाटाखाली गेलेला एकेक दाणा वेचायला लागली.

मी खुर्चीत जाऊन बसलो. वेचू लागलो नाही.